आठवीचा उंबरठा आणि मुख्याध्यापकाचे काम

माध्यमिक शाळेचे यश मोजण्याची रूढ पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. शालान्त परीक्षेचा निकाल लागला की शाळेच्या फलकावर शेकडा प्रमाण लिहिले जाते, पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांची नावे लावली जातात, आणि त्यावरून मुख्याध्यापकाच्या कर्तबगारीचा निर्णय होतो. ही मोजणी खोटी नाही. पण ती अपुरी आहे. परीक्षेला जे बसले त्यांतून किती उत्तीर्ण झाले, एवढेच ती सांगते. तीन वर्षांपूर्वी आठवीत ज्यांची नावे दाखल झाली होती, त्यांपैकी किती मुले परीक्षेच्या बाकापर्यंत पोचली, हे त्या फलकावर कोठेही लिहिलेले नसते. समजा, आठवीत साठ मुले आली, दहावीच्या परीक्षेला पंचेचाळीस बसली आणि ती सर्व उत्तीर्ण झाली. फलकावर शेकडा शंभर असा निकाल झळकेल. उरलेली पंधरा मुले मात्र कोणत्याच हिशेबात येणार नाहीत.

ही पंधरा मुले कोण असतात, हे खेड्यातील प्राथमिक शिक्षकाइतके कोणालाच ठाऊक नसते. त्यानेच त्यांना अक्षरओळख करून दिलेली असते, सात वर्षे सांभाळलेले असते आणि शाळा सोडल्याचा दाखला हाती देऊन पुढे पाठविलेले असते. म्हणूनच माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक कसा असावा, हा प्रश्न केवळ शहरातील संस्थाचालकांचा नाही. सातवी उत्तीर्ण होऊन गावाबाहेर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या शिक्षकाचाही तो प्रश्न आहे.

पद आणि नेतृत्व

खाजगी माध्यमिक शाळांतील नेमणुका १९७७ च्या महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी अधिनियमाने व त्याखालील १९८१ च्या नियमावलीने नियंत्रित होतात. मुख्याध्यापक हा अध्यापनाची पदवी घेतलेला पदवीधर असावा, त्याला माध्यमिक शाळेतील किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव असावा, आणि त्यांपैकी किमान दोन वर्षे अध्यापनाची पदवी मिळाल्यानंतरची असावीत, अशी अट त्या नियमावलीत आहे. प्रत्यक्षात हे पद सर्वसाधारणपणे सेवाज्येष्ठतेने मिळते. याचा अर्थ असा, की काल जो गणित शिकवीत होता तो आज मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसतो. कायद्याने त्याला अधिकार दिला. परंतु शाळा चालविण्याची दृष्टी नियुक्तिपत्रासोबत येत नाही. ती त्याला रोजच्या कामातून कमवावी लागते.

येथे एक चूक सहज घडते. नव्या मुख्याध्यापकाच्या टेबलावर पहिल्याच दिवशी वेतनदेयके, संचमान्यता, ऑनलाइन माहिती, परिपत्रके आणि संस्थेची पत्रे येऊन पडतात. ती वेळेवर निकाली काढणे भागच असते. पण हळूहळू कागद म्हणजेच शाळा, अशी भावना रुजते. मुख्याध्यापक कार्यालयातून बाहेर पडेनासा होतो. वर्गात काय चालले आहे हे त्याला पर्यवेक्षकाकडून कळते, पर्यवेक्षकाला ते शिक्षकाकडून कळते, आणि शिक्षक जे सांगावयाचे तेवढेच सांगतो. अशा शाळेत शिस्त दिसते, फायली नीट लागतात, पण मुले केव्हा गळाली हे कोणाच्याही ध्यानात येत नाही.

जुन्या ठाणे जिल्ह्याचा वारसा

मुख्याध्यापकाने कुंपणाबाहेर पाहिले पाहिजे, हा विचार या जिल्ह्याला नवा नाही. बोर्डी हे गाव १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. तेथील गोखले एज्युकेशन सोसायटीच्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापकपद आचार्य भिसे यांनी दीर्घकाळ सांभाळले. शाळेच्या चार भिंतींत त्यांचे काम संपले नाही. परिसरातील आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न त्यांनी आपलाच मानला आणि बाळासाहेब खेर यांच्याबरोबर आदिवासी सेवा मंडळाच्या कार्यात ते पडले. ज्या मुलाचे नाव अद्याप आपल्या पटावर नाही, तोही आपला विद्यार्थी आहे, अशी ही भूमिका होती.

त्याच बोर्डीत १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरे चारावयास जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरू लागली. हे कार्य बालशिक्षणाचे व प्राथमिक शिक्षणाचे असले, तरी त्यातील तत्त्व माध्यमिक शाळेलाही लागू आहे. मूल आणि शाळा यांच्यामध्ये अंतर पडले असेल, तर पहिले पाऊल शाळेने टाकावयाचे असते.

गावापासून शहरापर्यंतचे अंतर

आजच्या ठाणे जिल्हा परिषदेच्या क्षेत्रात कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड व अंबरनाथ हे पाच तालुके येतात. या तालुक्यांत गावाचे आणि शहराचे जीवन एकमेकांना अगदी लगटून आहे. एका बाजूला डोंबिवलीच्या स्थानकावर पाऊल ठेवावयास जागा नसते. दुसऱ्या बाजूला मुरबाडच्या डोंगराळ भागात दिवसातून मोजक्याच एस्. टी. गाड्या जातात. टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव या स्थानकांजवळच्या गावांतून काही मुले लोकलने कल्याणच्या शाळांत येतात. कल्याण-डोंबिवली परिसरातील अनेक शाळा जागेअभावी सकाळ व दुपार अशा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळच्या अधिवेशनास वेळेवर पोचावयाचे, तर गावातील मुलाला अंधारातच घर सोडावे लागते.

हे अंतर केवळ मैलांचे नाही. गावच्या शाळेत दोन किंवा तीन शिक्षक होते आणि त्यांतील प्रत्येकजण मुलाला त्याच्या नावाने, त्याच्या बापाच्या नावाने ओळखत होता. येथे दर तासाला नवा शिक्षक येतो. तेथे घरची आगरी, कातकरी किंवा ठाकरी बोली कोणाला खटकत नव्हती. येथे पहिलेच वाक्य बोलताच वर्ग हसतो. तेथे मूल दोन दिवस आले नाही, तर गुरुजी सायंकाळी घरी येत. येथे हजेरीपटावर एक खूण होते, इतकेच.

याशिवाय ऋतूंचेही एक वेळापत्रक असते. आषाढात भाताच्या लावणीला घरात प्रत्येक हाताची गरज पडते. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शहापूर तालुक्यात तानसा, वैतरणा, भातसा यांसारखी मुंबईला पाणी पुरविणारी मोठी धरणे आहेत. तरीही तेथील अनेक पाड्यांवर चैत्र-वैशाखात मुलींना हंडा घेऊन दूर जावे लागते. ज्या मुख्याध्यापकाला हे वेळापत्रक ठाऊक नाही, तो गैरहजेरीला आळस समजतो आणि पालकाला नोटीस पाठवितो. ज्याला ते ठाऊक आहे, तो गैरहजेरीची वाट न पाहता आधीच तजवीज करतो.

प्रवेशाचा पहिला दिवस

मुख्याध्यापकाच्या नेतृत्वाची पहिली परीक्षा जून महिन्यात प्रवेशाच्या खिडकीपाशी होते. जन्माचा दाखला नाही, आधार कार्डावरील नाव वेगळे आहे, शाळा सोडल्याचा दाखला यावयाचा आहे, अशा कारणांसाठी पालकाला दोन-तीन वेळा परत पाठविले, तर रोजंदारीवर पोट भरणारा बाप चौथ्यांदा येत नाही. त्याचे तेवढे दिवसांचे काम बुडालेले असते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकाला आठवीपर्यंतचे शिक्षण हा त्याचा हक्क आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा बदलताना जुन्या शाळेच्या प्रमुखाने दाखला ताबडतोब द्यावयाचा असतो, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबविता येत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांनाही हा कायदा मनाई करतो. या तरतुदी मुख्याध्यापकाला माहीत असतात. पण प्रवेशाच्या खिडकीवर लिपिक बसलेला असतो. तरतूद लिपिकापर्यंत पोचविणे आणि अडलेल्या पालकाला आपल्याकडे पाठविण्याची ताकीद देणे, हे मुख्याध्यापकाचे काम आहे.

नववीपासून मात्र या कायद्याचे छत्र उरत नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. आठवीच्या एका वर्षातच मूल शाळेत रुजले पाहिजे. त्या वर्षी जे मूल अर्धवट राहिले, त्याला नववीत रोखून धरणारा कोणताही कागद कोणाच्या हाती नसतो.

वेळापत्रक हे मुख्याध्यापकाचे खरे हस्ताक्षर

शाळेत कोणती गोष्ट महत्त्वाची मानली जाते, हे भिंतीवरील सुविचारावरून कळत नाही, वेळापत्रकावरून कळते. बहुतेक ठिकाणी सर्वांत अनुभवी शिक्षक दहावीला दिले जातात आणि नवखे, तात्पुरते शिक्षक आठवीच्या वाट्याला येतात. निकालाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे वाटते. वस्तुतः ते उलटे आहे. दहावीचा विद्यार्थी शाळेला सरावलेला असतो. आठवीचा विद्यार्थी नवखा असतो. त्याच्यासमोरही नवखाच शिक्षक उभा राहिला, तर दोघेही चाचपडतात. निदान भाषा आणि गणित या विषयांसाठी तरी शाळेतील एक जाणता, प्रेमळ शिक्षक आठवीला देणारा मुख्याध्यापक तीन वर्षांनंतरच्या निकालाची पायाभरणी करीत असतो.

मुख्याध्यापकाने स्वतः आठवड्याला काही तास शिकवावे आणि त्यांतील एक तरी आठवीच्या वर्गावर ठेवावा. त्यामुळे दोन गोष्टी साधतात. मुले त्याला ओळखू लागतात, आणि कोणत्या मुलाला वाचता येत नाही हे त्याला कोणाच्या अहवालाशिवाय कळते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात शाळा उघडताच प्रत्येक मुलाकडून एक उतारा मोठ्याने वाचून घ्यावा, पाच ओळी लिहून घ्याव्या आणि भागाकाराची व अपूर्णांकांची काही उदाहरणे सोडवून घ्यावी. या चाचणीला गुण देऊ नयेत. कोणाला कोठून हात द्यावयाचा, एवढेच तिच्यातून ठरवावे. मागे पडलेल्यांची वेगळी तुकडी करून त्यांच्यावर शिक्का मारण्यापेक्षा शाळेच्या वेळेतच त्यांना रोज एक तास देणे हितकर ठरते. कारण शाळा सुटल्यावर गावच्या मुलाला गाडी गाठावयाची असते.

इतर शिक्षकांचे तास पाहण्याची पद्धतही बदलली पाहिजे. वहीत शेरा लिहिण्यासाठी वर्षातून एकदा मागच्या बाकावर जाऊन बसणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. पंधरा मिनिटे बसावे, पण वरचेवर बसावे. शिक्षकाकडे न पाहता मुलांकडे पाहावे. कोण बोलले, कोणाला एकदाही विचारले गेले नाही, शेवटच्या बाकावरील वही कोरी का आहे, हे टिपावे. त्याच दिवशी शिक्षकाशी एकांतात बोलावे. प्रथम जे चांगले दिसले ते सांगावे, आणि सुधारणा एकच सुचवावी. शिक्षकाला सर्वांसमोर टाकून बोलणारा मुख्याध्यापक त्या दिवशी वर्गातील मुलांच्या वाट्यालाही तेच बोलणे पाठवीत असतो, हे विसरू नये.

हजेरीपट वाचण्याची विद्या

हजेरीपट सर्व शाळांत भरला जातो. तो वाचला मात्र क्वचितच जातो. एखादे मूल एका दिवसात शाळा सोडीत नाही. प्रथम सोमवार चुकतो, मग आठवड्याचे दोन दिवस, मग सहामाही परीक्षा, आणि दिवाळीनंतर ते येतच नाही. हा क्रम पटावर स्पष्ट उमटलेला असतो. दर शनिवारी वर्गशिक्षकांसह आठवीचा पट पाहावा, आणि जे मूल लागोपाठ तीन दिवस आले नाही त्याच्या घरी निरोप जावा, असा साधा दंडक शाळेत असावा. निरोप धमकीचा नसावा. ‘तुझी वाट पाहत आहोत’ असा असावा.

लोकल उशिरा आल्यामुळे ज्याला पोचावयास उशीर झाला, त्याला पहिला तासभर दाराबाहेर उभे करणे ही शिस्त नव्हे. रेल्वेचा दोष मुलाच्या माथी मारण्यासारखे ते आहे. उशिरा येणाऱ्यांची गावे आणि गाड्या यांची यादी मुख्याध्यापकाने करावी. तीवरून कित्येकदा असे आढळेल, की परिपाठाची वेळ दहा मिनिटे पुढे नेल्याने अर्धा प्रश्न सुटतो. ग्रामीण मुलींना एस्. टी. चा मोफत प्रवास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आहे. तिचा पास पहिल्या आठवड्यातच हाती पडावा, इतकी तत्परता कार्यालयाने दाखवावी. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. मूल निघून गेल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वी ते त्याच्या हाती पडले पाहिजे.

सुरक्षितता हा शिस्तीचा पाया

ज्या शाळेत मूल सुरक्षित नाही, ती शाळा दुसरे काहीही उत्तम करीत असली तरी चांगली म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्ट रोजी संतप्त लोकांनी बदलापूर स्थानकात लोकल अडवून धरल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. अशा घटनेनंतर दूरच्या गावातील बापही आपल्या मुलीला शहरातील शाळेत पाठवावे की नाही, याचा पुन्हा विचार करू लागतो. मुलीच्या शिक्षणाचा धागा असा एका क्षणात तुटतो.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. असा अपराध घडल्याचे कळताच ते पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेला अपराध संस्थेच्या प्रमुखाने कळविला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शाळेची आधी अंतर्गत चौकशी करू, संस्थेच्या अध्यक्षांना विचारू, शाळेचे नाव खराब होईल, हे विचार त्या क्षणी मनात येणे स्वाभाविक असले तरी घातक आहेत. मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकावे, त्याला उलटसुलट प्रश्न विचारू नयेत, आणि विनाविलंब पोलिसांना व पालकांना कळवावे. तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, चित्रण करणारे कॅमेरे ही साधने आवश्यकच आहेत. पण मुलाला विश्वासाने बोलता येईल असा एक तरी मोठा माणूस शाळेत असणे, याला पर्याय नाही.

अपघातांचाही विचार करावयास हवा. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी कारखान्यांत भीषण स्फोट झाले व दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. दोन्ही वेळा उन्हाळ्याची सुट्टी असल्याने शाळांतील वर्ग रिकामे होते. सुट्टीच्या भरवशावर मुख्याध्यापकाने निर्धास्त राहू नये. २६ जुलै २००५ च्या महापुरात लोकल बंद पडल्या आणि हजारो लोक जेथल्या तेथे अडकले. गाड्या बंद पडल्या तर बाहेरगावच्या मुलांना कोणी थांबवून घ्यावयाचे, पालकांना निरोप कसा द्यावयाचा, कोणाच्या हाती मूल सोपवावयाचे, हे पावसाळ्यापूर्वीच लेखी ठरलेले असावे.

प्राथमिक शिक्षकाचा वाटा

इतके सर्व मुख्याध्यापकाने करावयाचे; मग गावच्या शिक्षकाचे काम दाखला दिल्यावर संपते काय? तसे मुळीच नाही. दाखल्यावर मुलाची जन्मतारीख, जात आणि इयत्ता असते, मूल नसते. ते मूल कळावे म्हणून शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक पानभर पत्र लिहून त्याच्याबरोबर द्यावे. त्यात चार गोष्टी पुरेत: त्याला काय चांगले येते, तो कोठे अडतो, घरची परिस्थिती काय आहे, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात त्याची गैरहजेरी संभवते. हे पत्र कोणत्याही नमुन्यात बसवू नये. मात्र त्यात मुलाला कायमचा डाग लागेल असा एकही शब्द असू नये.

एप्रिल महिन्यात केंद्रातील शिक्षकांनी सातवीच्या मुलांना घेऊन जवळच्या माध्यमिक शाळेत एक दिवस जावे. मुलांनी वर्ग, प्रयोगशाळा, पाण्याची जागा व स्वच्छतागृह पाहावे, मुख्याध्यापकाशी बोलावे, आणि आपल्याच गावचा नववीतील एखादा दादा किंवा ताई भेटावी. जूनमध्ये जे दार परके वाटले असते, ते मग ओळखीचे होते. सप्टेंबरात आणि पुन्हा दिवाळीनंतर शिक्षकाने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी काढून माध्यमिक शाळेकडे एवढीच चौकशी करावी: ‘आमची मुले येतात ना?’ हा प्रश्न नियमाने विचारला जाऊ लागला, की त्याचे उत्तर तयार ठेवण्याची सवय माध्यमिक शाळेलाही लागते.

शाळेच्या फलकावर निकालाच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा लिहिण्याची प्रथा पडली, तर फार चांगले होईल: आठवीत आलेल्यांपैकी किती मुले दहावीला पोचली. आरंभी तो आकडा मुख्याध्यापकाला संकोचात टाकील. पण ज्या वर्षी साठांपैकी अठ्ठावन्न मुले परीक्षेच्या बाकावर बसलेली दिसतील, त्या वर्षी निकालाचा आकडा काहीही असला, तरी ती शाळा खऱ्या अर्थाने उत्तीर्ण झाली असे गावाला निःशंकपणे म्हणता येईल. उरलेली दोन मुले कोठे आहेत, याची चौकशी मुख्याध्यापकाने त्याच दिवशी सायंकाळी सुरू करावी.